मोती घेताना आधी भोक बघा

हे दोन सर मी पहिल्या रांगेतून मागे पाठवते आहे. एकाच्या टोकाला लाल दोरा बांधलाय, दुसऱ्याच्या टोकाला निळा. एका सरातले मोती कालवात तयार झालेले आहेत, दुसऱ्यातले मणी काचेचे आहेत आणि त्यांच्यावर मुलामा चढवलेला आहे. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंगही फिरू द्या. कुठला सर कुठला, ते मी शेवटी तुम्हालाच विचारणार आहे.

मी मोती ओवायचं काम करते. विकत घेणारा माणूस मोत्याची चमक बघतो. माझ्या हातात सुई असते, त्यामुळे माझी नजर आधी भोकावर जाते. इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे, की मोती वरून फसवू शकतो, भोकापाशी त्याला फार कमी वेळा फसवता येतं.

याचं कारण मोत्याच्या घडणीत आहे. शिंपल्याची आतली बाजू चमकते ना, तोच पदार्थ मोत्यात असतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिशय पातळ चकत्या आणि त्यांना धरून ठेवणारं प्रथिन. एकेक चकती साधारण अर्धा मायक्रॉन जाडीची. म्हणजे मिलिमीटरभर जाडीत अशा 2,000च्या आसपास चकत्या एकावर एक बसलेल्या असतात. प्रकाश या थरांमध्ये शिरतो, थोडाथोडा परततो, आणि आपण ज्याला मोत्याचं पाणी म्हणतो ते दिसतं. नकली मण्याला असं पाणी नसतं, त्याला लकाकी असते. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये पोकळ काचमण्यांना आतून माशाच्या खवल्यांपासून केलेला चकचकीत लेप द्यायचे आणि मणी मेणाने भरायचे. आता काचेचा, प्लास्टिकचा किंवा शिंपल्याचा मणी रंगात पुन्हा पुन्हा बुडवून काढतात. म्हणजे आत एक वस्तू आणि वर तिच्यावर चढवलेली कातडी.

आता भिंग घ्या आणि सर थोडा ताणून दोन मोत्यांमधली जागा बघा. नकली मण्यात भोकाच्या कडेला मुलामा जमून ओठासारखा उचललेला दिसतो, नाहीतर त्याचा टवका उडालेला असतो आणि आतली काच चकाकते. घातलेल्या सरात तर हे हमखास दिसतं, कारण दोरा आणि शेजारचा मणी त्या कडेवर सतत घासत असतात. खऱ्या मोत्याचं भोक स्वच्छ कापल्यासारखं असतं. मोती पिकवताना कालवात मणी ठेवलेला असेल, तर उजेड नीट पडल्यावर भोकाच्या आत एक बारीक रेघ दिसते. तिथे मणी संपतो आणि कालवाने घातलेले थर सुरू होतात. ती रेघ मी पहिल्यांदा ओळखली तेव्हा कितीतरी वेळ सुई खाली ठेवून बघत बसले होते. एका जिवाने महिनोन्महिने केलेलं काम त्या रेघेच्या बाहेरच्या अंगाला असतं.

दाताची परीक्षा तुम्ही ऐकली असेल. मोती पुसून घ्यायचा आणि समोरच्या दाताच्या कडेवर अलगद फिरवायचा. खरा मोती किंचित खरखरतो, कारण त्या चकत्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या उघड्या असतात. काच आणि प्लास्टिक गुळगुळीत सरकतं. परीक्षा चांगली आहे, पण तेवढ्यावर पैसे देऊ नका. काही नकली मुलामे मुद्दाम खरखरीत केलेले असतात, आणि फार घासूनपुसून चमकवलेला खरा मोती कधी कधी जवळजवळ गुळगुळीत लागतो.

वजनाने फक्त प्लास्टिक कळतं, काच नाही. हाताला गार लागण्याचंही तसंच, काचही गार लागते.

आणि एक कळकळीची विनंती. मोती जाळून बघू नका, व्हिनेगरमध्ये टाकू नका. आम्लात खरा मोतीच विरघळतो. परीक्षेत तो खरा ठरेल आणि तुमच्याकडे उरणार नाही.

माझ्याकडे एक बाई सर दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. सोबत पिशवीत काही सुटे मोती होते, ते मुलांना खेळायला दिलेले. का, तर एकाला खळगा, एक जरा चपटा, रंगही सारखे नाहीत, म्हणजे खोटेच असणार. सर मात्र डोळ्यात भरण्यासारखा एकसारखा होता. मी भिंग लावलं. सर मुलाम्याचा निघाला, आणि पिशवीतले सगळे खरे. बाई काही बोलल्या नाहीत, एकेक मोती उचलून तळहातावर घेत राहिल्या. खऱ्या मोत्यांचा सर जुळवताना कितीही निवड केली तरी आकारात, रंगछटेत, पृष्ठभागावर फरक राहतोच. एकही डाग, एकही खळगा नाही, सगळे साच्यातून काढल्यासारखे, असा सर दिसला की मी आधी सावध होते.

आता कल्चर्ड मोत्यांबद्दल, कारण हा गैरसमज मला फार टोचतो. कल्चर्ड म्हणजे नकली नव्हे. मिकिमोतो या उद्योजकाने जपानमध्ये 1893 साली पहिले अर्धगोल मोती पिकवले. तिथपासून आजवर पद्धत कितीही सुधारली असली, तरी माणूस फक्त सुरुवात करून देतो. समुद्रातल्या कालवात बहुतेक वेळा एक मणी आणि दुसऱ्या कालवाच्या ऊतीचा तुकडा ठेवतात, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात बहुधा नुसता तुकडा. थर तो जीवच घालतो. आज बाजारात दिसणारे जवळपास सगळे खरे मोती कल्चर्डच आहेत. माणसाचा हात न लागता झालेला नैसर्गिक मोती आणि कल्चर्ड मोती यांतला फरक दाताने कळत नाही, आणि भिंगानेही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एक्स-रे काढून आतली रचना बघावी लागते. ‘नैसर्गिक’ म्हणून कोणी विकत असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

नावंही नीट वाचा. ‘शेल पर्ल’ हा शब्द ऐकून शिंपल्यातला मोती वाटतो. तो शिंपल्यापासून केलेला मणी असतो, त्यावर मुलामा. ‘मयोर्का पर्ल’ म्हणजे स्पेनमधल्या बेटाच्या नावाने ओळखला जाणारा नकली मोती, सहसा काचेच्या मण्यावर केलेला. दोन्ही दिसायला सुरेख असतात, आवडले तर जरूर घ्या, पण नकली म्हणून घ्या. पावतीवर नैसर्गिक, कल्चर्ड की नकली, यांतला एक शब्द लिहून मागा. तोंडी ‘एकदम ओरिजिनल’ म्हणणारा माणूस तो शब्द लिहिताना अडखळला, तर तुम्हीही पैसे काढताना थांबा.

सर परत आले का? मागच्या रांगेतल्या ताई निळ्या दोऱ्याकडे बोट दाखवताहेत. कशावरून, ते सांगा. बरोबर, तिसऱ्या मण्याच्या भोकापाशी टवका उडालाय, तिथे काच दिसते आहे. भिंग त्यांच्या शेजारच्यांना द्या, त्यांनी अजून बघितलेलं नाही.