हवंसं वाटणं आणि पैसे देणं, यांच्यामधली उसंत

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दिवसाची कामं उरकून मी आडवी झाले होते आणि हातात फोन होता. टेबलावर ठेवायचा एक दिवा बघत होते. दिवा छान होता, पण घ्यायचाच असं काही ठरलं नव्हतं. तेवढ्यात त्याच्या खालची लाल अक्षरं दिसली, ‘फक्त दोन शिल्लक’. शेजारी घड्याळ उलटं धावत होतं. चौदा मिनिटं, तेरा मिनिटं एकोणसाठ सेकंद. त्याखाली आणखी एक ओळ होती, ‘आत्ता बावीस जण ही वस्तू पाहत आहेत’. मी उठून बसले. बावीस जण आणि दिवे दोन! पुढच्या मिनिटभरात दिवा मी मागवलेला होता.

सकाळी सहज तेच पान पुन्हा उघडलं. ‘फक्त दोन शिल्लक.’ घड्याळ पंधरा मिनिटांपासून पुन्हा सुरू झालेलं. दिवा पुढे आला, चांगला निघाला, आजही माझ्या टेबलावर आहे. तरी मनाला लागून राहिलं. आपण वस्तू पारखून, विचार करून घेतो असं मी इतकी वर्षं मनापासून मानत होते, आणि त्या रात्री विचार करायला मला कुणी वेळच दिला नव्हता.

तेव्हापासून ऑनलाइन खरेदी करताना आपलं मन कशाकशाने वळतं हे मी वाचत आले आहे. किंमत, जाहिरात, रिव्ह्यू, सवलत ही कारणं तुम्हाला ठाऊकच आहेत. पण या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि आज तीच तुमच्यापुढे ठेवायची आहे. एखादी वस्तू हवीशी वाटणं आणि तिचे पैसे देणं यांच्यामध्ये पूर्वी उसंत असायची. दुकानापर्यंत चालत जायचं, वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करून बघायची, भाव विचारायचा, खिशातले पैसे मोजायचे. यातल्या प्रत्येक टप्प्यावर ‘राहू दे, नको’ म्हणायला जागा होती. पडद्यावरच्या दुकानात हे टप्पे एकेक करून गळून पडले, आणि त्यांच्या जागी काय आलं ते पाहिलं की आपण कसे वळतो तेही दिसतं.

पहिला प्रश्न विश्वासाचा. ११ ऑगस्ट १९९४ या दिवशी अमेरिकेत एका माणसाने संगणकावरून एक सीडी विकत घेतली. कार्डाचा क्रमांक सांकेतिक लिपीत बांधून सुरक्षितपणे पाठवला गेला होता. या साध्या व्यवहाराची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दुसऱ्या दिवशी छापली. न पाहिलेल्या दुकानदाराच्या हाती आपल्या पैशाची किल्ली द्यायची, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. आता ती भीती पुष्कळ कमी झाली आहे. पण वस्तूबद्दलची शंका तशीच आहे. कापडाचा पोत बोटांना कळतो, फोटोला सांगता येत नाही. बूट पायात घालून चार पावलं टाकल्याशिवाय तो कुठे चावतो ते समजत नाही. मग आपण काय करतो? आपल्याआधी ज्यांनी तो बूट घातला त्यांना विचारतो. रिव्ह्यू वाचतो, म्हणजे अनोळखी माणसांचे हात आणि पाय आपण उसने घेतो.

आता हा उसना विश्वास किती पक्का? २००६ साली मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तीन संशोधकांचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. इंटरनेटवर त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. १४,००० हून जास्त लोक ती ऐकायला आले. काही जणांना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले होते, आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं तो आकडा त्यांना दिसायचा. गाणी तीच होती, सुरुवात सगळीकडे शून्यापासून होती. तरी एका गटात जे गाणं डोक्यावर घेतलं गेलं, ते दुसऱ्या गटात मध्येच कुठेतरी पडून राहिलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी सुमार गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्या गाण्यांचं नशीब मात्र सुरुवातीला कुणी कशावर बोट ठेवलं यावर बरंचसं ठरलं. आणि बाजारातल्या बहुतेक वस्तू मधल्याच असतात, नाही का?

२०१३ सालचा आणखी एक प्रयोग आहे. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावर संशोधकांनी काही अभिप्रायांना, ते बरे की वाईट हे न पाहता, पहिलं अनुकूल मत स्वतः देऊन टाकलं. फक्त एक मत. शेवटी त्या अभिप्रायांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. उलट जिथे पहिलं मत प्रतिकूल दिलं, तिथे पुढच्या वाचकांनी ते सावरून घेतलं. म्हणजे खोटी निंदा आपण दुरुस्त करतो आणि खोट्या स्तुतीच्या मागे चालू लागतो. पैसे देऊन लिहून घेतलेल्या पहिल्या दहा-वीस रिव्ह्यूंचं मोल विक्रेत्याला का वाटतं, ते यावरून समजेल.

तरी माणूस अगदीच भोळा नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की खरेदीची शक्यता साधारण ४.० ते ४.७ स्टारच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि पूर्ण पाचाकडे जाताना ती उतरू लागते. सगळेच गोड बोलत असले की आपण सावध होतो. मी स्वतः तीन स्टारवाले रिव्ह्यू आधी वाचते. मागे बूट घेताना एकाने लिहिलं होतं, ‘उजवा बूट घोट्यापाशी घासत होता, आठवडाभर जाड मोजे घातले, मग सैल झाला.’ या माणसाने ते बूट खरंच घातले होते! ‘अप्रतिम, नक्की घ्या’ हे शंभर जणांनी लिहिलं तरी त्यातून बुटाबद्दल काही कळत नाही.

आता किमतीकडे येऊ. वर एक मोठा आकडा, त्यावर आडवी रेघ, आणि खाली ठळक अक्षरांत लहान आकडा. हे चित्र इतकं ओळखीचं झालं आहे की त्या खोडलेल्या आकड्याकडे आपण बघतो असंही आपल्याला वाटत नाही. पण तो आपलं काम करत असतो. १९७४ साली एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचं वर्णन लिहिलं. लोकांसमोर एक चक्र फिरवलं जायचं. ते चक्र एक तर १० वर थांबायचं नाही तर ६५ वर, तशी सोयच केलेली होती. मग प्रश्न विचारायचा, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता. तरी ज्यांनी १० पाहिले होते त्यांच्या अंदाजांचा मध्य २५ निघाला आणि ज्यांनी ६५ पाहिले होते त्यांचा ४५. चक्रावरचा असंबद्ध आकडा जर एवढं ओढून नेतो, तर त्याच वस्तूखाली ‘मूळ किंमत’ म्हणून छापलेला आकडा किती नेत असेल! ती वस्तू त्या किमतीला कधी खरंच विकली गेली होती का, हे विचारायला हवं. नव्व्याण्णववर संपणाऱ्या किमतींचंही तेच. नजर डावीकडच्या आकड्यावर पडते आणि तिथेच मत बनतं.

माझ्या दिव्याच्या घड्याळाकडे पुन्हा येते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली खरेदीची सुमारे ११,००० संकेतस्थळं तपासली. गिऱ्हाइकाला ढकलणाऱ्या किंवा फसवणाऱ्या युक्त्या त्यांना १,२५४ संकेतस्थळांवर सापडल्या. त्यांत वेळ संपल्यावरही सवलत चालूच ठेवणारी घड्याळं होती. ‘इतके जण पाहत आहेत’ हा आकडा काही ठिकाणी संगणक मनाला येईल तसा तयार करत होता. पाहणारं कुणी असो वा नसो. हे वाचलं तेव्हा मला माझे ते बावीस जण आठवले. अशा युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. नाव मिळालं हे बरं झालं, कारण नाव असलं की तक्रार करता येते. टंचाईची भीती माणसाच्या मनात फार खोलवर आहे. खरोखर संपत आलेल्या वस्तूबद्दल कुणी सांगितलं तर तो उपकार आहे. खोटी टंचाई दाखवणं ही माझ्या मते सरळ लबाडी आहे, आणि तिला विक्रीचं कौशल्य म्हणू नये.

यानंतर मला सर्वांत नवल वाटलं ते एका वेगळ्याच गोष्टीचं. वस्तू भरलेल्या दर दहा कार्टांपैकी सुमारे सात पैसे न देताच सोडून दिल्या जातात, असं निरनिराळ्या पाहण्यांची सरासरी सांगते. शेवटच्या पानावर वाढलेला डिलिव्हरीचा आणि इतर आकार हे त्याचं मोठं कारण. मग विक्रेत्यांनी हे आकार आधीच सांगून टाकायला हवेत, नाही का? तिकिटं विकणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळावर २०१५ साली याचीच परीक्षा झाली. काही गिऱ्हाइकांना पूर्ण रक्कम पहिल्यापासून दाखवली, काहींना आकार अगदी शेवटी दाखवला. शेवटी कळलेल्यांनी जवळजवळ एक पंचमांश जास्त खर्च केला! लपवणारा जिंकला.

असं का होतं? कारण शेवटच्या पानावर पोहोचेपर्यंत वस्तू मनाने आपली झालेली असते. तिकीट असेल तर आपण त्या खुर्चीत जाऊन बसलेलो असतो. या आपलेपणाला बोटाचा स्पर्शही हातभार लावतो. २०१४ साली अॅडम ब्रासेल आणि जेम्स गिप्स यांना दिसलं, की माउसने वस्तू निवडणाऱ्यांपेक्षा टचस्क्रीनवर तिच्या चित्राला बोट लावणाऱ्यांना ती जास्त आपली वाटते. आणि हे शहराच्या सहलीपेक्षा अंगात घालायच्या स्वेटशर्टच्या बाबतीत जास्त घडलं. काचेवर बोट फिरवताना मन कापडावर हात फिरवत असतं. सुरुवातीला मी म्हटलं, स्पर्श गेला. पण तो गेला आणि त्याची सावली मागे राहिली. ती वस्तूबद्दल काही सांगत नाही, ओढ तेवढी लावते.

आणि मग पैसे देणं. एके काळी हे काम जरा दुखायचं. नोटा मोजून देताना त्या कमी होताना दिसायच्या. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बास्केटबॉलच्या सामन्याची तिकिटं सगळी संपली होती, आणि त्यांतली काही त्यांनी विद्यार्थ्यांमध्ये लिलावाला काढली. अर्ध्यांना सांगितलं रोख द्यावे लागतील, अर्ध्यांना सांगितलं कार्ड चालेल. कार्डवाल्यांनी साधारण दुप्पट बोली लावली. त्या वेळी कार्ड निदान खिशातून काढावं तरी लागत होतं. अमेझॉनला १९९९ साली एका क्लिकमध्ये खरेदीचं पेटंट मिळालं, ते २०१७ मध्ये संपलं. तोवर सगळ्या जगाला सवय लागून गेली होती. पत्ता साठवलेला, कार्ड साठवलेलं, आता अंगठा टेकवला की झालं. हवंसं वाटलं आणि घेतलं, यांत श्वास घेण्याइतकंही अंतर उरलं नाही.

यात भलंही पुष्कळ आहे. ज्याला घराबाहेर पडणं जमत नाही, ज्याच्या जवळपास दुकानच नाही, ज्याला एखाद्या जुन्या यंत्राचा सुटा भाग कुठेच मिळत नाही, त्याच्यासाठी हे दुकान वरदान आहे. दहा ठिकाणचे भाव एका जागी बसून पडताळता येतात. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ असं सांगणाऱ्या शिफारशींनीही मला काही वेळा खरंच उपयोगाची वस्तू दाखवली आहे. वस्तू परत करता येते या एका आश्वासनावर तर किती जणांनी पहिली खरेदी केली असेल! तेव्हा मला हे दुकान बंद व्हायला नको आहे. मला फक्त ती उसंत परत हवी आहे, आणि ती दुकान देणार नाही, तिची तजवीज ज्याची त्यालाच करावी लागणार.

मी काय केलं ते सांगते. नोटिफिकेशन बंद केली. फोनमधून कार्डाचा क्रमांक काढून टाकला. कार्टमध्ये वस्तू टाकते, मनाजोगत्या टाकते, पण रात्री पैसे देत नाही. कार्ड आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या खणात असतं. ते हवं असेल तर पांघरूण बाजूला करायचं, दिवा लावायचा, जायचं, खण ओढायचा. कधी मी ते घेऊन येते आणि वस्तू मागवते. कधी खणापाशी उभी असतानाच आठवतं, की असलंच काहीतरी आपण मागच्या वर्षी घेतलं होतं आणि ते याच कपाटात वरच्या फळीवर, अजून खोक्यातच आहे. मग मी खण लावते आणि वरचं खोकं खाली काढते.

नमस्कार.