बधिर पावलांची सेवा

प्रिय बंधुभगिनींनो,

बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभू येशूपुढे गुडघे टेकतो. जुन्या करारातल्या लेवीय 13 प्रमाणे त्याने फाटक्या कपड्यांत, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडत वस्तीबाहेर राहायचं होतं. प्रभू नुसत्या शब्दानेही त्याला बरं करू शकला असता. पण त्याने आधी हात पुढे करून स्पर्श केला आणि मग ‘शुद्ध हो’ म्हटलं. रोग अंगावर असतानाच स्पर्श झाला. आपल्या कुष्ठरुग्णांच्या सेवेचा क्रमही हाच हवा.

भीतीचं आधी बोलू. कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधं एकत्र देणं, 6 किंवा 12 महिन्यांचा असतो आणि तो सुरू झाला की संसर्गाचा धोका लवकरच संपतो. वाकडी बोटं दिसतात ती बहुतेकदा केव्हाच बऱ्या झालेल्या माणसाची. जंतू गेले, पण नसा बधिर राहिल्या. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत. न जाणवलेल्या जखमांमुळे ती झिजतात. रात्री उंदीर कुरतडतात तेही कळत नाही.

म्हणून भेटीला जाल तेव्हा समोरून जा आणि खांद्यावर हात ठेवा, कारण बधिर तळव्याला तुमचा हात जाणवणारच नाही. त्यांनी दिलेला चहा घ्या. तुम्ही देणार असाल तर वाफाळता स्टीलचा पेला हातात देऊ नका, कानाचा कप द्या.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. इथे पाय धुणं हा खरोखरचा उपचार आहे. बधिर पावलाला घाम येत नाही, कातडी सुकते आणि भेगा पडतात. विचारून, परवानगी घेऊनच सुरुवात करा. घमेल्यात साधं पाणी घ्या. कोमट नको, कारण किती गरम आहे हे त्या पायाला समजत नाही. पाय 20 ते 30 मिनिटं भिजू द्या. या वेळात गप्पा होतात, आणि एकट्या माणसाला औषधाइतकीच त्यांची गरज असते. मग खरबरीत दगडाने घट्टे हलके घासा. ब्लेड अजिबात नको. पाणी निथळलं की ओलसर कातडीवरच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा, म्हणजे ओलावा आत टिकतो. उघडी जखम असेल तर तिच्यावर तेल नको. स्वच्छ कापड बांधा आणि चालणं थांबवायला सांगा. जखम भरत नाही ती बहुधा चालत राहिल्यामुळे. मलम बदलून उपयोग होत नाही.

शेवटी बोटांच्या बेचक्या आणि टाचा नीट बघा. एखादी जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागली तर तिथे जखम होऊ घातली आहे. चपला एमसीआरच्या (बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या), मागे पट्टा असलेल्या हव्यात. खिळा मारलेली चपल नको. हे रोज करायचं असतं, म्हणून घरच्या कुणाला तरी शेजारी बसवून शिकवा.

हातापायाची ताकद किंवा संवेदना नुकतीच कमी झाली असेल तर प्रार्थना करा आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. पहिल्या सहा महिन्यांत स्टेरॉइड मिळालं तर नस वाचू शकते. मिरज आणि अमरावती जिल्ह्यातलं कोठारा इथे लेप्रसी मिशनची रुग्णालयं आहेत.