पाटी कोणी लावली? सारायेव्हो ते दुब्रोव्हनिक

(दृश्य: मिल्यात्स्का नदी, लॅटिन पूल. कोपऱ्यावर पर्यटकांचा घोळका.)

बोस्नियाची राजधानी सारायेव्होच्या मधून वाहणारी मिल्यात्स्का नदी तशी अगदीच लहान. पण या पुलाच्या कोपऱ्यावरची गर्दी दिवसभर हटत नाही. 28 जून 1914 रोजी इथेच 19 वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. त्याच सकाळी आधी एकाने बॉम्ब टाकला होता, तो फसला. युवराज नगरभवनात सत्कार उरकून परत निघाले. परतीचा मार्ग बदलायचं ठरलं, पण ते ड्रायव्हरच्या कानावर कुणी घातलंच नाही. त्याने जुन्या मार्गाप्रमाणे गाडी इथे वळवली, लोक ओरडले, त्याने ब्रेक लावला, आणि प्रिन्सिप समोरच उभा. पुढच्या महिन्याच्या अखेरीस युरोप लढाईत उतरला होता.

हे आपण शाळेत शिकलेलो असतो. आता भिंतीवर बघा. तिथे एक साधी पाटी आहे: या ठिकाणाहून अमुक दिवशी अमक्याने तमक्याची हत्या केली. विशेषण एकही नाही. इतक्या कोरड्या मजकुरापर्यंत पोचायला या भिंतीला जवळपास शंभर वर्षं लागली.

1917 मध्ये ऑस्ट्रियाने पुलापाशी युवराजाचं भलंमोठं स्मारक उभारलं. पुढच्या वर्षी साम्राज्यच गेलं, मग स्मारकही गेलं. सत्ता आता युगोस्लाव्हियाची होती, आणि 1930 मध्ये पाटी लागली ती प्रिन्सिपच्या गौरवाची, त्याने इथे स्वातंत्र्याची घोषणा केली असं सांगणारी. एप्रिल 1941 मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरलं, त्यांनी ती पाटी उखडली आणि हिटलरला वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाचे साम्यवादी नेते टिटो यांच्या काळात प्रिन्सिप पुन्हा नायक झाला. पुलाला त्याचं नाव मिळालं, तो जिथे उभा होता तिथे फरशीत त्याच्या पावलांचे ठसे उमटवले गेले. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात पेटलेल्या 1992 च्या युद्धात ते ठसे नाहीसे झाले. पुलाला जुनं नाव परत मिळालं. आणि इथून थोड्याच अंतरावर, सर्बबहुल पूर्व सारायेव्होत, 2014 मध्ये प्रिन्सिपचा नवा पुतळा बसला.

पुण्यात पाटी वाचली की घरमालकाचा स्वभाव कळतो. बाल्कनमध्ये कळतं ते हे, की पाटी लागली तेव्हा सत्ता कोणाची होती. म्हणून या सफरीत आपण गाइडइतकंच पाट्यांकडेही लक्ष देणार आहोत.

(दृश्य: नदीकाठचं नगरभवन, वियेच्नित्सा. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांची इमारत.)

ज्या नगरभवनात युवराजाचा सत्कार झाला, ते हे. पुढे इथे राष्ट्रीय ग्रंथालय आलं. 25 ऑगस्ट 1992 च्या रात्री भोवतालच्या डोंगरांवरच्या सर्ब तोफांनी त्यावर आगीचे गोळे टाकले, आणि लाखो पुस्तकं जळाली. जळक्या कागदांची राख शहरभर उडत होती. इमारत पुन्हा उभी राहून मे 2014 मध्ये उघडली. दारापाशी पाटी आहे, आणि तिच्यात आग लावणाऱ्यांचा उल्लेख ‘सर्ब गुन्हेगार’ असा आहे. महायुद्धाच्या शताब्दीला, 28 जून 2014 रोजी, व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम इथे झाला. सर्बियाच्या नेत्यांनी याच पाटीवर बोट ठेवून यायचं टाळलं. एका पाटीने दोन देशांमधला समारंभ बिघडवला. आत जरूर जा. रंगीत काचांचं छत बघताना मान दुखेल.

पाच मिनिटं चालत गेलं की बाशचार्शिया, म्हणजे तुर्कांच्या काळातली बाजारपेठ. इथली गाझी हुसरेव-बेग मशीद 1530 च्या सुमाराची. तांबटांच्या आळीत हातोड्यांचा ठणठणाट चालू असतो. दुकानांत कॉफीच्या तांब्याच्या भांड्यांशेजारी पितळी फुलदाण्या मांडलेल्या दिसतील. हातात घेऊन उलटी करून बघा. बुडाशी कारखान्याचे आकडे आणि मधोमध गोल खूण असते. तोफगोळ्याचं रिकामं नळकांडं आहे ते, वरून सुरेख वेलबुट्टी ठोकलेली. बंदुकीच्या पुंगळ्यांची पेनंही मिळतात. घ्यावं का? घेणाऱ्याला नावं ठेवणार नाही. पण विमानतळावर बॅग उघडायला लागली तर समजावत बसावं लागेल, एवढं ध्यानात ठेवा.

कॉफी मात्र घ्याच. तांब्याच्या ताटलीत लांब दांड्याचं भांडं, बिनकानाची वाटीएवढी पेली, साखरेची वडी आणि गुलाबी मिठाईचा तुकडा. साखर कॉफीत टाकायची नसते. वडीचा कोपरा बुडवून दाताखाली धरायचा आणि वरून घोट घ्यायचा. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: इथे बुरेक म्हणजे मांसाचाच. चीजचा हवा तर सिर्नित्सा मागा, पालकाचा झेल्यानित्सा, बटाट्याचा क्रोम्पिरुशा. ‘चीज बुरेक’ मागितलात तर दुकानदार तुम्हाला दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही. आणि भारतातून आलो म्हटलं की जुन्या पिढीतली माणसं अजून टिटो आणि नेहरूंचं नाव काढतात. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद 1961 मध्ये युगोस्लाव्हियाच्या राजधानीत, बेलग्रेडला भरली, ती आठवण त्यांच्याकडे आपल्यापेक्षा ताजी आहे.

(दृश्य: विमानतळाजवळचं गोळ्यांनी चाळण झालेलं घर.)

एप्रिल 1992 ते फेब्रुवारी 1996. जवळपास चार वर्षं शहर वेढ्यात होतं. 1993 मध्ये लोकांनी धावपट्टीखालून सुमारे 800 मीटर लांबीचा बोगदा हातांनी खणला. कुदळ, फावडं, ढकलगाडी. उंची एवढीच की बहुतेकांना वाकूनच चालावं लागे. पीठ, औषधं, डिझेल, शस्त्रं आणि जखमी, सगळं यातूनच. आज त्याचा छोटासा तुकडा चालता येतो. डोकं सांभाळा.

शहरात फिरताना रस्त्यावर लाल रंगाचे ओबडधोबड डाग दिसतात. उखळी तोफेचा गोळा पडून माणसं मेली, तिथल्या खड्ड्यात लाल राळ भरलेली. त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. बऱ्याच ठिकाणी बाजूला पाटीसुद्धा नसते.

पुढे बेलग्रेडला जायचं असेल तर जपून. शहरात दोन बस स्थानकं आहेत. बेलग्रेडच्या बहुतेक गाड्या पूर्व सारायेव्होच्या स्थानकावरून सुटतात, आणि मुख्य स्थानकावर वाट बघत बसलेले परदेशी पाहुणे ही नेहमीची गोष्ट. युद्ध संपवणाऱ्या 1995 च्या डेटन कराराने देशाचे दोन भाग पाडले, त्यातला एक सर्बांचा, त्यातली सीमा इथे दोन इमारतींच्या मधून जाते. ना चौकी, ना फाटक. बदलते ती लिपी: पाट्यांवर रोमनच्या आधी सिरिलिक, म्हणजे सर्बांची रशियनसारखी लिपी, दिसू लागते. देशात अनेक ठिकाणी दोन लिप्यांपैकी एक कुणीतरी स्प्रे मारून काळी केलेली असते. कोणती, त्यावरून आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळतं.

(दृश्य: नेरेत्वेच्या घळीतून जाणारी रेल्वे.)

आपण निघालोय दक्षिणेला, मोस्तारला. रेल्वेने साधारण दोन तास. बसही आहे, पण खिडकी रेल्वेचीच. डोंगर ओलांडला की हिरव्यागार नेरेत्वा नदीची साथ सुरू होते. ऑक्टोबर 2024 मध्ये याब्लानित्साजवळ पूर आणि दरडीत हा मार्ग तुटला होता, म्हणून गाडी चालू आहे ना हे आदल्या दिवशी स्टेशनवर विचारून घ्या.

याब्लानित्सामध्ये नदीत एक मोडका लोखंडी पूल लटकलेला आहे. मार्च 1943 मध्ये टिटोंच्या सैनिकांनी शत्रूला चकवायला इथला पूल उडवला, हे खरं. पण समोर दिसतोय तो तो पूल नव्हे. 1960 च्या दशकाच्या शेवटी एका युद्धपटासाठी इथे पूल उभा करून पुन्हा उडवला, त्याचा हा सांगाडा. फोटो सगळेच काढतात. आपणही काढू.

(दृश्य: मोस्तार, जुना पूल. कठड्यावर उभा असलेला उडीबहाद्दर.)

1557 ते 1566 या काळात मिमार हयरुद्दीनने बांधलेली ही एकच कमान. दगड घोटून घोटून इतका गुळगुळीत झालाय की पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठेवल्यात. वीस मीटरहून खाली नदी, उन्हाळ्यातही बर्फगार. कठड्यावरचा मुलगा उडी मारेल असं वाटतं, मारत नाही. त्याचा जोडीदार टोपी फिरवतो. पुरेसे युरो जमले की उडी. घाई केलीत तर चुकाल, पण उन्हात तासभर थांबावंच असंही नाही.

9 नोव्हेंबर 1993 रोजी बोस्नियातल्या क्रोएट सैन्याच्या रणगाड्याने हा पूल पाडला. आज दिसतो तो जुलै 2004 मध्ये उघडला, त्याच जातीच्या स्थानिक दगडाचा. पुलाच्या टोकाला एका दगडावर रंगवलंय: 93 विसरू नका. युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायालयात हा खटला चालला. 2013 च्या निकालात पूल पाडणं गुन्हा ठरलं. 2017 मध्ये अपिलात बहुमताने उलटं ठरलं: पूल लष्करी वापरात होता. म्हणजे न्यायाधीशांचंही एकमत नाही, तिथे पर्यटकाने अर्ध्या दिवसात मत बनवायची घाई करू नये. गाइड नदीच्या कुठल्या काठावरचा आहे, मुस्लिमांच्या की क्रोएटांच्या, हे मात्र विचारायला हरकत नाही.

पुलावरची गर्दी सहसा पश्चिमेकडच्या पार्टिझान (टिटोंच्या सैनिकांच्या) स्मशानभूमीकडे वळत नाही. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्यांसाठी वास्तुशिल्पी बोगदान बोगदानोविचने ती 1965 मध्ये टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी रचली. त्या लढवय्यांत सर्ब, क्रोएट, मुस्लिम, ज्यू सगळे होते. नावं दगडी पाट्यांवर होती, झाडाच्या खोडाच्या चकतीसारख्या आकाराच्या. जून 2022 मध्ये कुणीतरी रात्रीतून शेकडो पाट्या फोडल्या.

(दृश्य: सीमेवरची बसची रांग. पुढे अॅड्रियाटिक समुद्र.)

मोस्तारहून क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला बस जाते. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, बोस्निया नाही. त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा घेऊन क्रोएशियातून बोस्नियात आलात, तर परतीचं दार बंद. मल्टिपल एन्ट्रीच घ्या. तो असला की बोस्नियासाठी सहसा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम तपासा. सर्बियाने भारतीयांची व्हिसामुक्त सोय 2023 पासून बंद केली, ते अनेकांना विमानतळावरच कळलं.

दुब्रोव्हनिकच्या पिले दरवाजातून आत शिरताच भिंतीवर नकाशा दिसेल. 1991-92 मध्ये कुठल्या छपरावर गोळा पडला, कुठलं घर जळालं, सगळं खुणांनी दाखवलंय. गोळे कोणी टाकले तेही वर नावानिशी लिहिलंय: युगोस्लाव्ह सैन्य, सर्ब आणि मॉन्टेनिग्रोवाले. हल्ल्याची एक फळी आली होती बोस्नियातल्या पूर्व हर्झेगोव्हिनातून, ट्रेबिन्येच्या बाजूने. ते गाव इथून जेमतेम तीस किलोमीटर. दुब्रोव्हनिकचे दर परवडेनासे झालेले प्रवासी हल्ली मुक्कामाला तिथेच जातात. फक्त सीमेवर पासपोर्ट दाखवायची तयारी ठेवा, उन्हाळ्यात रांग मोठी असते.