कोडचे दोन फोल्डर ताडून बघायला कुठलं टूल घ्यायचं

नमस्कार मंडळी. आजचा विषय तसा साधा आहे, पण यावरून रोज लोकांचे तासन्‌तास वाया जातात म्हणून मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. लगेच कुणीतरी म्हणतं की कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आहे ना, मग वेगळं टूल कशाला? अहो पण क्लायंटने झिप पाठवलेली असते, सर्व्हरवर कुणीतरी थेट फाइल बदललेली असते, व्हेंडरच्या लायब्ररीचं नवं व्हर्जन येतं आणि जुन्यात आपण आधीच हात घातलेला असतो, यातल्या कशाचीच हिस्टरी गिटमध्ये नसते. तुमच्याकडे फक्त दोन फोल्डर असतात, आणि काय बदललंय ते आज संध्याकाळपर्यंत सांगायचं असतं.

थोडं आतलं सांगतो, कारण ते कळलं की निवड सोपी होते. दोन फाइलींतला फरक दाखवणारा डिफ हा प्रोग्राम बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉयने लिहिला आणि १९७४ मध्ये तो युनिक्सच्या पाचव्या एडिशनसोबत आला. पुढे १९८६ मध्ये फरक शोधायच्या पद्धतीवर, म्हणजे अल्गोरिदमवर, यूजीन मायर्सचा पेपर आला, गिट आजही डीफॉल्टला तोच अल्गोरिदम वापरतं. तो कमीत कमी ओळी घालून-काढून फरक दाखवायला बघतो, पण कमीत कमी म्हणजे वाचायला सोपा असं नाही हं! दोन सारख्या दिसणाऱ्या फंक्शनच्या मध्ये तिसरं घातलं की कधी कधी वरच्या फंक्शनचा शेवटचा कंस नव्याचा म्हणून दाखवला जातो आणि वाचणारा गोंधळतो. बिटटोरंटवाल्या ब्रॅम कोहेनचा पेशन्स अल्गोरिदम आधी दोन्ही फाइलींत एकदाच आलेल्या ओळी जुळवतो, त्यामुळे असा घोळ कमी होतो. विनमर्ज या तुलनेच्या टूलमध्ये हा अल्गोरिदम सेटिंगमधून बदलता येतो, जरूर बदलून बघा.

आता खरा मुद्दा, फोल्डरचा. टूल बघताना सगळे दोन फाइली उघडून रंग छान दिसतात का ते बघतात, पण हजार फाइलींच्या झाडात कुठल्या बारा बदलल्यात हे सांगणं हेच मोठं काम आहे. तारखेवरून तुलना लावलीत तर फसाल, कारण गिट फाइलींची जुनी वेळ जपत नाही, चेकआउट केल्याची, म्हणजे गिटमधून फाइली बाहेर काढल्याची वेळ पडते, म्हणजे सगळंच बदललेलं दिसणार. नुसत्या साइजवर लावलीत तर एका आकड्याचा बदल निसटतो. मजकुराचीच तुलना लावा, वेळ लागला तरी चालेल. आणि फिल्टर नीट लिहिता येतात का ते आधी बघा, नोड मॉड्यूल्स (बाहेरून आणलेल्या लायब्ररींचा फोल्डर), गिटचा फोल्डर, बिल्डचं आउटपुट (कोडपासून तयार झालेल्या फाइली) बाहेर काढता आलं नाही तर बाकी सगळं फुकट.

मग येतात न दिसणारे फरक. विंडोजवर सेव्ह झालं, ओळीच्या शेवटचं चिन्ह बदललं आणि अख्खी फाइल लाल. ते दुर्लक्षित करायची सोय सगळ्या चांगल्या टूलमध्ये असते, लावा. पण त्याच्याच शेजारी स्पेस दुर्लक्षित करायचा पर्याय असतो, तो पायथॉनसाठी डोळे मिटून लावू नका! फॉर लूपच्या आत असलेली रिटर्नची ओळ चार स्पेस डावीकडे सरकली की लूप पहिल्याच फेरीत बाहेर पडायचा तो आता पूर्ण फिरतो, आणि टूल तुम्हाला सांगेल की दोन्ही फाइली सारख्याच आहेत. भाषेनुसार वेगळे नियम ठेवता येतात का, हे मी टूल घेताना सगळ्यात आधी विचारतो.

मराठी इंटरफेसवर काम करणाऱ्यांना अजून एक. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्या एका फाइलीत एकाच कोडचा ऱ घेऊन टाइप केलेला असतो आणि दुसरीत साधा र आणि त्याला नुक्ता लावून, स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे, पण बाइट वेगळे, त्यामुळे टूल लाल दाखवतं आणि माणूस स्क्रीनकडे बघत बसतो. अशा वेळी हेक्समध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट आकड्यांत बघायची सोय हवी, विनमर्ज आणि बियॉन्ड कम्पेअर या दोन्ही टूलमध्ये ती आहे.

निवडीचं म्हणाल तर विंडोजवर फुकटात विनमर्ज, लिनक्सवर मेल्ड, दोन्ही ओपन सोर्स. बियॉन्ड कम्पेअरला पैसे पडतात, पण विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, रिमोट सर्व्हरवरचा फोल्डर थेट जोडता येतो, आणि ट्रायलचे ३० दिवस म्हणजे प्रत्यक्ष वापरलेले दिवस मोजतात, तेव्हा तुमच्याच प्रोजेक्टवर निवांत बघून ठरवा. आणि व्हेंडरच्या लायब्ररीसारखा प्रकार असेल तर तीन बाजूंची तुलना पाहिजेच: त्यांचं जुनं, त्यांचं नवं आणि आपलं. दोनच ठेवलीत तर ही ओळ त्यांनी काढली की आपण घातली हे कळायला मार्गच नाही. केडिफ३ हे टूल तीन अख्खे फोल्डर एकत्र घेऊन मर्ज करतं, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करतं.

फक्त मर्जला कॉन्फ्लिक्ट आला नाही, म्हणजे एकाच ओळीवर दोघांचे बदल भिडले नाहीत, म्हणून थांबू नका. त्यांनी फंक्शनचं नाव बदललं आणि आपण दुसऱ्या फाइलीत जुन्याच नावाने नवा कॉल घातला, तर ओळी कुठेच भिडत नाहीत, टूल सगळं हिरवं दाखवतं आणि बिल्ड मोडतो, पायथॉन असेल तर तोही मोडत नाही, थेट चालताना पडतं. म्हणून मर्ज झालं की बिल्ड आणि टेस्ट लगेच त्याच जागी चालवा, कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंद, त्यानंतर.