जुन्या ट्रकचा हरवलेला कॅस्टर

पुढच्या स्प्रिंगचे पाटे कमी करून हा जुना ट्रक 75 मिलिमीटर खाली आणला आहे. दिसतो झकास, पण वेग धरला की रस्ताभर भटकतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. अशा वेळी पहिला हात जातो टो-इनला, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवण्याच्या मापाला. टायर झिजतात, भटकणं तसंच राहतं.

गेलाय तो कॅस्टर. वळताना चाक ज्या उभ्या खिळीभोवती फिरतं, ती किंगपिन. तिचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं, तो हा कोन. व्हीलबेस 3 मीटर असेल, तर पुढचं तोंड 75 मिलिमीटर खाली गेल्यावर चॅसी जवळपास दीड अंश पुढे कलते. अॅक्सल आणि किंगपिनही तिच्यासोबत. मुळात होतेच दोन-तीन अंश!

मोजण्याआधी चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तरीही हलतंय? किंगपिनचे बुश गेले. थांबलं? बेअरिंग ढिलं आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय घेतलेलं कुठलंही माप फुकट.

आता टायरमध्ये सारखी हवा, सपाट जमीन, आणि पुढच्या प्रत्येक चाकाखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन पत्रे. चाक 20 अंश बाहेर (पुढची कड बाहेर) वळवून कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा बाहेर झुकल्याचा कोन, वाचा, मग 20 अंश आत वळवून. पहिल्यातून दुसरा वजा करून दीडने गुणा. इथे बाहेर 1.5 आला, आत 0.5. म्हणजे कॅस्टर दीड अंश.

पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये 2 अंशांची पाचर घातली की साडेतीन होईल. रेडियल टायरला एवढा मानवतो. फार वाढवला तर स्टिअरिंग जड होतं आणि चाकं थरथरू लागतात. पाटा अॅक्सलच्या वर असल्यामुळे पाचरेचं जाड टोक मागे. पाचर पोलादीच घ्या. अॅल्युमिनियमची दबते आणि पाटा अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले पडतात. इथे नीट बघा: पाटे मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं पाचरेतून खाली येऊन अॅक्सलच्या भोकात पुरेसं उतरलंय. ते वरच राहिलं, तर ब्रेक मारताना अॅक्सल सरकू शकतो. यू-बोल्ट नवेच वापरा, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळा.

दोन्ही बाजूंना सारखीच पाचर. वेगवेगळ्या घातल्या तर अॅक्सलला पीळ बसतो. डाव्या-उजव्या मापात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल, तर वाकलेला अॅक्सल किंवा तुटलेला सेंटर बोल्ट शोधा. कॅम्बर इथे नटाने बदलत नाही. अॅक्सल थंडच प्रेसवर वाकवावा लागतो. तापवला तर पोलादाची ताकद जाते.

टो-इन सगळ्यात शेवटी. टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूच्या खुणा करून अंतर मोजा. चाक अर्धा फेरा फिरेल इतका ट्रक पुढे ढकला. त्याच खुणा पुढे आल्या की पुन्हा मोजा. पुढचं माप 1.5 ते 3 मिलिमीटर कमी हवं. टाय रॉडचे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे, क्लॅम्प आवळल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा: क्लॅम्पचा बोल्ट अॅक्सलला कुठेही घासता कामा नये.