७५ दिवसांची मुदत

(दृश्य: लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे गुडघाभर गवत. पांढऱ्या गायींचा कळप चालत येतो.)

मोठं वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, पांढरा रंग. गाय आंध्राकडची वाटते, आणि मूळ तिचं तिथलंच. पण हे आहे ब्राझीलचं मातो ग्रोसो राज्य. आपल्या ओंगोल गायींचे हे वंशज, नेलोर, आज ब्राझीलच्या मांस उद्योगाचा कणा आहेत. इथे दूध काढत नाहीत. मालकाला गायीकडून वर्षाला एक वासरू हवं, बस.

नेलोरचा गाभणकाळ सुमारे २९० दिवसांचा. म्हणजे दर वर्षी वेत हवं, तर व्यायल्यापासून ७५ दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी.

(दृश्य: आईला लुचणारं वासरू.)

आणि आडवं येतं ते हेच वासरू. ते दिवसभर आईला लुचत असतं, तोवर मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संप्रेरकांचा इशारा दबलेला राहतो. गाय माजावरच येत नाही. आली, तरी नेलोरचा माज जेमतेम दहा-बारा तासांचा, तोही पुष्कळदा रात्री. आपल्या गोठ्यात गाय हंबरली, सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसला की घरातली म्हातारीसुद्धा सांगते, सकाळी माज असेल तर संध्याकाळी डॉक्टरला बोलवा. हजार गायींच्या कुरणात हे कोण बघणार? मुक्या माजाचं, म्हणजे ज्यात खुणाच दिसत नाहीत त्याचं, तर बोलायलाच नको.

म्हणून इथे अनेकांनी माजाची वाट पाहणंच सोडलं. पहिल्या दिवशी योनिमार्गात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडणारं साधन बसवतात, सोबत इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन. आठ दिवसांनी साधन काढून प्रोस्टाग्लँडिन हे आणखी एक संप्रेरक देतात. त्यानंतर ४८ तासांनी सगळ्या गायींचं कृत्रिम रेतन, माज दिसो वा न दिसो.

(दृश्य: खोड्यात उभी गाय. बरगड्या आणि माकडहाडाजवळचा खळगा.)

वेळापत्रक चोख पाळलं तरी एका रेतनात साधारण निम्म्याच गायी गाभण राहतात. बाकीच्यांचं काय बिघडलं, ते बऱ्याचदा अंगावरच दिसतं. गाय किती हडकुळी वा भरलेली, यावर शरीराला १ ते ५ गुण देतात. जिच्या बरगड्या मोजता येतात, तिच्यापुढे संप्रेरकंही हात टेकतात. सगळ्यात अवघड पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली. तिची स्वतःची वाढ अजून चालू, त्यात पाजायचं, त्यात पुन्हा गाभण राहायचं. अशा गायींना गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारं एक संप्रेरकही टोचतात. त्याने फरक पडतो, पण कोरड्या हंगामात आटलेलं गवत इंजेक्शनातून भरून निघत नाही.

मग माणसाचा हात. वीर्यकांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, उणे १९६ अंशांतून निघते आणि ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात साधारण अर्धा मिनिट राहते. एकदम खूप कांड्या बुडवल्या की पाणी थंड पडतं. दिवसभर शेकडो गायी हाताळल्यावर मनगट दुखतं, वीर्य गर्भाशयमुखातच सांडतं. त्यात आरडाओरडा आणि काठ्या. खोड्यात बिथरणाऱ्या गायी कमी गाभण राहतात, हे तपासून झालेलं आहे. तरी इथे ओरडणारे ओरडतातच.

(दृश्य: कुरणाचं फाटक उघडतं, वळू आत शिरतात.)

रेतनानंतर दहाएक दिवसांनी वळू सोडतात. महिन्याभराने सोनोग्राफी. हंगाम संपेपर्यंत जी रिकामी राहिली, ती बहुधा कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढते.