पाकिटातला त्रिकोण आणि चुन्यातला मका

मंडळी, टॉर्टिया म्हणजे मेक्सिकोची मक्याची पातळ पोळी. तिच्या चिप्सचं पाकीट घेताना लोक पुढची बाजू बघतात, चीज की पेरी-पेरी. मी मागची बारीक अक्षरं वाचतो. घटकांच्या यादीत कुठे ‘५२६’ हा आकडा दिसला, तर तो चुना समजायचा. कोहळ्याच्या पेठ्यासाठी ज्याची निवळी धरतात, तोच. मसाला काय, कुणीही भुरभुरवेल. मेक्सिकोची करामत या चुन्यात आहे.

तिकडे मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर त्यातच ठेवतात. सकाळी पाणी पिवळं झालेलं असतं. दाणे चोळले की सालं सुटून हातात येतात. मग धुऊन ओलेच वाटायचे. पूर्वी बाया दगडी पाट्यापुढे गुडघे टेकून वाटायच्या, आता गिरणी असते. मक्याची भाकरी कडेला कशी चिरते, हे ज्यांनी थापली आहे त्यांना सांगायला नको. चुन्यातल्या मक्याच्या पिठाला मात्र चिकटपणा येतो, टॉर्टिया पातळ होते. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी अंगी लागत नाही, ते चुन्याने मोकळं होतं. युरोपने मका नेला, चुना तिकडेच राहिला. १७३५ मध्ये गास्पार कासाल या वैद्याने स्पेनमध्ये पेलाग्राची, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणाऱ्या रोगाची नोंद केली. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांचा हा रोग पुढे उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही पसरला.

आता चिप्स. मेक्सिकोत त्यांना तोतोपो म्हणतात आणि घरोघरी तो शिळ्या टॉर्टियाचा उद्योग. ताजी ओलसर असते, तळायला शिळीच बरी. गोल टॉर्टिया चार-सहा भागांत कापतात, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची एक कड वाकडी राहते. कारखान्यात मात्र लाटलेल्या पट्ट्यातून थेट त्रिकोण कापतात; ते एकाला एक लागून बसतात, वाया फारसं जात नाही. आधी भट्टीत भाजून मग तळतात. पीठ मुद्दाम जाडसर, वाफ निसटावी म्हणून, नाहीतर पुऱ्यांसारखे फुगतील.

पाकिटातल्या चिप्सचा धंदा उभा राहिला तो सीमेपलीकडे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये रेबेका वेब कारान्सा यांच्या कारखान्यात यंत्रातून वेड्यावाकड्या टॉर्टिया निघायच्या. त्या फेकण्याऐवजी बाईंनी कापून, तळून पिशव्यांत विकल्या. चिप्स त्यांनी शोधले म्हणणं धाडसाचं. तुकडे आधीही तळले जात होतेच. डोरिटोज अमेरिकाभर आले १९६६ मध्ये, ‘नाचो चीज’ चव त्यानंतर. आणि खुद्द मेक्सिकन माणूस सकाळी काय करतो? हेच कुरकुरीत तुकडे गरम साल्सात, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या रश्शात बुडवून मऊ करतो, चिलाकिलेस म्हणून खातो.

ओआहाका राज्यात तेहुआन्तेपेकच्या भागात तर तोतोपो तळतही नाहीत. भोकं पाडलेली पातळ चकती मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून कडक भाजतात. झापोतेक या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या बायकांचा हा धंदा, आणि माझ्या मते कुठल्याही पाकिटापेक्षा सरस माल.

मग दुकानातून घ्यायचं काय, असं तुम्ही विचारणारच. साधं, मिठाचं घ्या. चुन्यातल्या मक्याला स्वतःचा मातकट वास असतो, तो चीजच्या भुकटीखाली कळत नाही. साधे चिप्स बेचव लागले, तर ते पाकीट पुन्हा घेऊ नका.